‘थांब’ म्हटल्यावर

संपादकांनी फोनवर बजावलं, “अनुभव लिहा, पत्रक नको.” माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली. कॉलेज सुटल्यापासून मी पत्रकंच लिहीत आले आहे. शिरूरच्या आमच्या छोट्याशा कामगार संघटनेत आले तेव्हा पहिलं काम मिळालं ते एसटी स्टँडवर गुलाबी कागद वाटण्याचं. मथळा ठळक, वाक्यं तोकडी, शेवटी उद्गारचिन्ह. आता उद्गारचिन्हाशिवाय लिहायचं म्हणजे उन्हात अनवाणी चालल्यासारखं वाटतंय. बघू, किती जमतं.

दुसरी अडचण अशी की असले लेख निवृत्त माणसं लिहितात, आणि मी अजून तिशीही ओलांडलेली नाही. पण मी ज्यांच्यासाठी काम करते ती माणसं निवृत्त होत नाहीत. ती पडतात. तेव्हा कुणीतरी आधीच लिहिलेलं बरं.

ही माणसं म्हणजे झाडावर चढून पोट भरणारी. तुम्ही पुण्याहून नगरला किंवा सोलापूरला जाता. पावसाळ्याच्या तोंडावर विजेच्या तारांवरच्या फांद्या छाटलेल्या दिसतात, रस्ता रुंद होताना कडेची झाडं एकेक करून बोडकी होतात, सणसवाडीत नवी शेड उभी राहते आणि तिच्यावर आलेली बाभूळ एका दिवसात नाहीशी होते. तुमच्या आमटीतली चिंचसुद्धा कुणीतरी शेंड्याला जाऊन काठीनं झोडपलेली असते. कारखान्यात फिटर असतो, वेल्डर असतो. यांच्या कामाला नावच नाही. ठेकेदार त्यांना ‘वरचा’ म्हणतो. जमिनीवर दोर धरून उभा असतो तो ‘खालचा’. संपली ओळख.

आमचं पहिलं पत्रक निघालं त्याचा मथळा होता, ‘झाडावर चढण्यापूर्वी स्वतःला बांधून घ्या!’ मी ते दौंडच्या एका टोळीला मोठ्यानं वाचून दाखवलं. टोळीत पोपट नावाचा गडी होता. जीभ कुऱ्हाडीपेक्षा धारदार. तो म्हणाला, “ताई, आमच्यात मानसाला बांदत्यात ते एकदाच. चौघांच्या खांद्यावर निघाल्यावर.” सगळे हसले. टोळीतला थोरला वरचा, बिरूमामा, तो मात्र हसला नाही. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि टोपीत ठेवला. पुढच्या पत्रकात आम्ही ‘जिवाचा दोर लावा’ असं छापलं. तेव्हा कुठं लोक निदान ऐकू लागले.

जिवाचा दोर म्हणजे काय ते सांगते, कारण शिकलेल्या लोकांनाही ते माहीत नसतं. वरच्याच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टा, त्या पट्ट्याला दोर. तो दोर डोक्यावरच्या मजबूत खोडावरून खाली येतो आणि खालच्याच्या हातात राहतो. कापायची फांदी वेगळी, दोर लावायची फांदी वेगळी. साधी गोष्ट आहे. पण शिरूरकडच्या एका मोठ्या बागायतदारानं आम्हाला आंब्याला दोर लावू दिला नाही. “कलमाला चट्टा पडंल,” म्हणाला. माणूस पडला तर चालेल, सालीला चट्टा नको! (हे एक उद्गारचिन्ह राहू द्या.) त्या दिवशी मी इतकी भांडले की त्याच्या कुत्र्यानंही भुंकायचं सोडलं. शेवटी बिरूमामानं अंगातली बंडी काढली, फांदीभोवती गुंडाळली आणि तिच्यावरून दोर घेतला. “घ्या, तुमच्या कलमाला सदरा घातला,” म्हणाला.

एकदा इनामगावच्या बाजूला, घोड नदीच्या काठच्या चिंचेवर, पट्टा सुरक्षित असतो हे दाखवायला मी स्वतः चढले. चढले छान. उतरायची वेळ आली तेव्हा पाय हलेनात. खालून पोपट ओरडला, “ताई, पत्रक काढा, उतरायचं त्यात काय लिवलंय बगा.” त्यानंतर टोळीनं मला आपलं मानलं असं मला वाटतं. निदान माझ्यासमोर शिव्या द्यायला तरी सुरुवात केली.

बिरूमामाबद्दल थोडं सांगायला हवं. त्याच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. सगळा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन ते कोकणच्या बाजूला उतरायचे आणि पावसाला परत यायचे. चराई आटली, मेंढरं विकली, भीमेच्या बाजूला थोडी जमीन घेऊन घर बसलं. मेंढरांसाठी पाला तोडता तोडता झाडावर हात बसलेला, तोच धंदा झाला. एकदा मी विचारलं, “मामा, भीती वाटत नाही?” म्हणाला, “वर ग्येलं की भीमेचं वळान दिसतंय. खाली निस्ते लोकांचे पाय.”

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

कुरकुंभला एका कंपनीच्या आवारात कुंपणालगत जुना कडुलिंब होता. त्याची एक जाड फांदी शेडच्या पत्र्यावर आली होती. अशी फांदी नुसती कापून टाकता येत नाही, पत्र्यावर कोसळते. तिच्या टोकाला एक दोर बांधतात आणि खालचे तो धरून उभे राहतात. वरचा आधी खालच्या अंगानं थोडी करवत चालवतो, मग वरच्या अंगानं. फांदी सुटायच्या वेळी खालचे दोर ओढून तिला मोकळ्या बाजूला वळवतात. सगळी मेख वेळेत आहे. ओढ आधी बसली तर फांदी कापल्या जागी तुटत नाही, लांबपर्यंत उभी चिरत येते आणि बुंध्याकडचा भाग लाथ मारल्यासारखा उसळतो. म्हणून सैल कधी आणि ताठ कधी, हे फक्त वरचा सांगतो.

बिरूमामा वर होता. जिवाचा दोर लावलेला होता, माणसं कमी म्हणून त्याचं टोक खाली बुंध्याला बांधलेलं होतं, हे मी मुद्दाम सांगते. फांदीच्या दोरावर होता रामाशीष आणि त्याच्यामागे त्याच्याच मुलखाकडचे दोघं. रामाशीष बिहारचा. सणसवाडीत कारखान्यात कामाला आला, काम सुटलं, खोलीचं भाडं सुटेना, म्हणून टोळीत आला. अंगानं दांडगा, बोलायला लाजरा. पोपट गेटजवळ येणारे ट्रक अडवत होता. मी तिथं नव्हते. मला जे कळलं ते पोपटकडून.

“मामानी वरनं बगितलं आसंल, फांदी चिराय लागलीया,” पोपट म्हणाला. “वरडले, थांब! थांब! पार हायवेवर आवाज आला. आन् ह्यो भय्या, ताई, थांबायचं सोडून मागं रेलला. जेवढं मामा वरडत्यात तेवढा ह्यो ताणतोय. मी पळत येस्तोवर कडाकडा झालं.”

फांदीनं बिरूमामाचा गुडघा फोडला. पट्टा होता म्हणून तो जमिनीवर आला नाही, दोरावर लटकत राहिला. पोपटनं त्याला खाली घेतलं आणि ठेकेदाराच्या जीपमधून दौंडच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी कुरकुंभला गेले. कंपनीच्या एका साहेबानं मला खुर्चीही दिली नाही. “मॅडम, कॉमन सेन्स नसतो या लोकांना,” एवढंच म्हणाला. ठेकेदाराचं म्हणणं तयार होतं. चूक खालच्याची, तो तर पळून गेलाय, आता कुणाला धरणार? आणि टोळीचंही म्हणणं तयार होतं. पोपटनं सरळ सांगितलं, “ताई, तुमी त्याची बाजू घ्यायची न्हाई. आमी त्याच्यासंगं काम करणार न्हाई. आजपास्नं दोरावर आपलीच मानसं.” दवाखान्यात बिरूमामा छताकडे बघत पडला होता. फक्त इतकंच बोलला, “मी थांब म्हनत हुतो गं. त्यानं आइकलं आन् तरी वढलं.” त्याची बायको, धुरपदामामी, पदरानं वारा घालत होती. ती म्हणाली, “गावला तर त्याला माझ्याम्होरं आणा.”

मला राग आला होता तो रामाशीषचाच. हेही लिहून टाकते. माझा राग नेहमी वरच्या लोकांवर असतो. त्या दिवशी तो खालच्यावर निघाला, आणि तो घेऊनच मी सणसवाडीला गेले.

चाळीतल्या एका खोलीत चौघं राहत होते. रामाशीष पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होता. मला बघून उठला.

“पळून चाललास?” मी मराठीतच विचारलं.

“भाग नहीं रहा, दीदी. ठेकेदार ने कहा पुलिस आएगी, आज ही निकल जा.”

म्हणजे ज्यानं जाहीर केलं की तो पळून गेला, त्यानंच त्याला पळवलं होतं! मी ठेकेदाराला मनात चार शब्द घातले आणि विचारलं, “मामा ओरडत होते. ऐकू आलं नाही?”

“आया ना. सब सुनाई दिया.”

“मग?”

त्यानं दोन्ही हात पुढे केले. हातांना हळद लावून फडकी बांधली होती. एक फडकं त्यानं सोडलं. तळहाताची साल दोरानं सोलून निघाली होती.

“मामा बोले, थाम. थाम, थाम, थाम. तो मैंने थामा. जान लगाकर थामा, दीदी. और क्या करता?”

मी पेटीवर बसले. कुणीतरी पाणी दिलं.

मराठीत थांब म्हणजे थांब. हिंदीत थाम म्हणजे धर, घट्ट धर, पडू देऊ नकोस. झाडावरून, वाऱ्यात, घाबरून ओरडलं की शेवटचा ‘ब’ खाली पोचतच नाही. वर एक माणूस जिवाच्या आकांतानं सोड म्हणत होता आणि खाली दुसरा, फांदी त्याच्यावर पडतेय असं समजून, जिवाच्या आकांतानं धरत होता. जितका तो ओरडला तितकं यानं घट्ट धरलं. आमच्या पत्रकात पट्टा होता, दोर होता, तारांपासूनचं अंतर होतं. एकमेकांशी काय बोलायचं यावर एक ओळ नव्हती. कुणाच्याच पत्रकात ती नसते. बोलता तर सगळ्यांनाच येतं ना!

मी त्याला तसाच एसटीत घातला आणि दौंडला आणलं. वाटेत तो एकदाच बोलला. “मारेंगे क्या?” मी म्हणाले, माहीत नाही.

धुरपदामामीनं त्याला बघितलं आणि उभी राहिली. “ह्याला कशाला आणलं हितं?” बिरूमामानं तोंड भिंतीकडे वळवलं. मी काही समजावत बसले नाही. समजावण्याचा माझा अनुभव असा आहे की समोरचा त्यात झोपतो. मी खाटेवरचा टॉवेल उचलला, एक टोक बिरूमामाच्या हातात दिलं, दुसरं रामाशीषच्या.

“मामा, त्याला सांगा, थांब.”

“कशापायी?”

“सांगा तर. वरून सांगता तसं. मोठ्यानं.”

बिरूमामाला आधीच राग होता. तो सगळा त्यानं आवाजात घातला. “थांब!”

रामाशीषनं टॉवेल दोन्ही हातांनी आवळला आणि मागे रेलला. सोलल्या हातांनी. डोळ्यांत पाणी आलं तरी सोडला नाही. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बघायला लागली.

बिरूमामा त्याच्याकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, “परत.” आणि पुन्हा ओरडला. पुन्हा तेच.

“थाम माने, पकड़ो,” रामाशीष पुटपुटला. “हमारे यहाँ.”

“आयला,” बिरूमामा म्हणाला. त्यानं टॉवेल सोडून दिला. “म्हंजी मी सोड म्हनतोय, आन् ह्याला वाटतंय फांदी मामावर पडतीया, धर.” मग त्यानं रामाशीषचे हात ओढून घेतले, उलटेपालटे करून पाहिले, आणि बायकोला म्हणाला, “धुरपदे, ह्याला च्या पाज.”

संध्याकाळी ठेकेदार आला, सफरचंदं घेऊन. मला बघून त्याचा चेहरा पडला, रामाशीषला बघून आणखी पडला. पण माणूस मुरलेला. खाटेजवळ वाकून म्हणाला, “बिरू, कंपनीचं मानूस इचारायला येईल. तू एवढंच सांग, भय्यानं वढलं.”

“वढलं न्हाई, शेठ. धरलं.”

“एकच की रं ते.”

“एक न्हाई,” बिरूमामा म्हणाला. “एक न्हाई म्हनून तर माजा पाय ग्येला.”

कंपनीच्या माणसालाही त्यानं हेच सांगितलं, जसंच्या तसं. रामाशीष राहिला. पण राहिला म्हणजे टोळीनं त्याला दोरावर घेतला असं नव्हे. पोपटचं म्हणणं सुटत नव्हतं, आणि स्पष्ट सांगते, त्यात तथ्य होतं. “चूक त्याची नसंल, ताई. पण उद्या परत वरनं वरडायचं कसं? डिक्शनरी घिऊन चढू का?”

मग बिरूमामाच्या अंगणात बैठक बसली. मामा बाजेवर, पाय प्लास्टरमध्ये. मी म्हणाले, शब्द बदलू. ‘बस’ म्हणा. हिंदीत बस म्हणजे पुरे.

“आन् मराठीत बस म्हंजी बस,” पोपट म्हणाला. “मी तितंच फांदीवर बूड टेकंन.”

‘स्टॉप’ म्हणू? पुन्हा पोपटच, “इष्टाप म्हनुस्तोवर फांदी खाली यिऊन चा प्यालेली आसंल.”

मामी आतून ओरडली, “मेंढरांस्नी तुमी काय सांगत हुता? त्यांना कुटली भाशा येत हुती?”

बिरूमामा थोडा लाजला. मग दोन बोटं तोंडात घालून त्यानं शीळ घातली. लांब, शेवटी वर चढणारी. त्याच्या वडलांची, वाडा जागच्या जागी उभा करायची शीळ. गोठ्यातली म्हैससुद्धा चारा चघळायची थांबली.

रामाशीषला वाईट वाटलं. “हम भेड़ हैं क्या?”

“मेंढरू बरं,” पोपट म्हणाला, “त्ये आइकतं तरी.” मग त्याच्याकडे न बघता, “आमी बी मेंढरंच हाय की. तुला एकट्याला कोन म्हनतंय?”

त्या अंगणात जे ठरलं ते आमचं पुढचं पत्रक झालं, आणि मी लिहिलेलं हे एकच पत्रक आहे जे अजून कुणी फाडलेलं मी पाहिलं नाही. लांब शीळ म्हणजे ओढ सैल सोडा, हात थांबवा, मग तो वरचा असो की खालचा. शीळ कुणीही घालू शकतो. मालक, साहेब, ठेकेदार यांच्या बोलण्यावर करवत चालायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऐकणाऱ्यानं उलट शीळ द्यायची. उत्तर आलं नाही तर समजायचं, ऐकलं नाही. या शेवटच्या कलमात एक अडचण होती. रामाशीषला शीळ येईना. पुढचा दात पडलेला, तोंडात तंबाखू. नुसती हवा निघायची. टोळीभर हसू. तो सणसवाडीच्या खोलीत सराव करायचा आणि शेजारी भिंत ठोकायचे.

बिरूमामाचा गुडघा पुन्हा वाकला नाही. डॉक्टर म्हणाले, झाड विसरा. तो काही महिने घरात बसला. मी एकदा सांत्वनाला गेले तर म्हणाला, “पाय बगत बसलोय लोकांचे.” मी आजवर किती जणांचा जीव वाचला ते छातीठोकपणे सांगते, पण वाचलेल्या जिवानं पुढं काय करायचं हे पत्रकात बसत नाही.

मग एक दिवस तो स्वतःच टोळीवर गेला. म्हणाला, मी आता खालचा होणार. आणि रामाशीषला वर पाठवा. तो गावाकडं ताडावर चढलेला आहे, मी त्याला विचारलंय. पोपट काहीतरी बोलणार होता. “त्याचा दोर मी धरनार,” बिरूमामा म्हणाला. “तुला काय तरास हाय?”

त्यांचं एक काम मी मुद्दाम बघायला गेले. दौंडजवळ एका मंगल कार्यालयाच्या आवारात चिंच होती. दुसऱ्या दिवशी लग्न, मांडववाले टेम्पो घेऊन उभे, ठेकेदार पायाखाली विस्तव असल्यासारखा फिरत होता. रामाशीष वर, करवत चालू. पोपट आणि बाकीचे फांदीच्या दोरावर. बिरूमामा एका उलट्या क्रेटवर बसलेला, आखडलेला पाय सरळ पुढे, रामाशीषचा जिवाचा दोर कमरेभोवती घेतलेला, नजर वर.

तो काय बघतोय ते मला आधी दिसलंच नाही. वाऱ्यानं आणि हालचालीनं रामाशीषचा स्वतःचा दोर सरकत सरकत करवतीखाली आला होता. वरून त्याला तो दिसत नव्हता, त्याच्याच कोपराआड होता. आणखी दोन-चार ओढींत फांदीबरोबर तोही कापला गेला असता.

शीळ आली. लांब, शेवटी वर चढणारी. पोपटनं त्याच क्षणी हातातला दोर सैल सोडला. मांडववाल्यांनी माना वळवल्या. करवतीचा आवाज बंद झाला.

आता उत्तर यायला हवं होतं. वरून आली नुसती हवा. फूऽ. पुन्हा, फूऽ. कुणी हसलं नाही. पानं फार दाट होती, त्याचे हात दिसत नव्हते. बिरूमामानं दोर दोन्ही मुठींत घट्ट धरला.

“आरं काय झालं?” ठेकेदार ओरडला. “चालू द्या! मांडव कवा घालायचा?”

आणि मग चिंचेच्या पाल्यातून आवाज आला. पूर्ण, ठणठणीत, मधल्या ‘ब’ला नीट दाबून.

“थांबलो, मामा! थांबलो!”

“कोपराखाली बग,” बिरूमामा म्हणाला. वर थोडी खसखस झाली. दोर हलला, बाजूला गेला, पुन्हा ताठ झाला. पोपटनं डोक्यावरचं मुंडासं काढून तोंड पुसलं.

ठेकेदार घड्याळ दाखवत क्रेटपाशी आला. “आता तरी चालू करा की, बिरू.”

बिरूमामानं वर बघायचं सोडलं नाही.

“त्यो थांबलाय, शेठ,” तो म्हणाला. “आता तुमी बी थांबा.”